विझकाया: थंडीपुरतं घर

मायामी शहर, बिस्केन उपसागराचा काठ. इथली ही विझकाया हवेली पाहिली की वाटतं, इटलीतल्या एखाद्या सरदार घराण्याच्या दहा-बारा पिढ्या इथे नांदल्या असाव्यात. नांदला तो एकटा माणूस, तोही फक्त थंडीत.

जेम्स डिअरिंग शिकागोचे. पैसा शेतकऱ्यांना विकलेल्या कापणी यंत्रांचा. घरची कंपनी १९०२ साली ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’मध्ये विलीन झाली, डिअरिंग तिचे उपाध्यक्ष झाले. लग्न केलं नव्हतं, तब्येत तोळामासा, रक्तक्षयाचं दुखणं. शिकागोच्या थंडीत राहणं काही खरं नव्हतं.

१९१४ साली काम सुरू झालं. मायामीची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या आसपास, आणि या एका बांधकामावर हजारभर माणसं! त्यात बहामा बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर बरेच होते. हॉफमन हे वास्तुविशारद, बागा दिएगो सुआरेझ यांच्या, पण शब्द चालायचा तो कलादिग्दर्शक पॉल चाल्फिन यांचा. घर नवं कोरं असलं तरी चारशे वर्षांचं वाटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यापायी युरोपातून जुनी दारं, छतं, शेकोट्या खरेदी झाल्या. भिंती मात्र काँक्रीटच्या, आणि आत लिफ्ट आणि टेलिफोनसुद्धा.

दिवाणखान्यातलं हे चित्र जवळून पाहा. मेरीमातेचं जुनं चित्र, मधोमध कापलेलं. कशासाठी? तर मागच्या ऑर्गनच्या नळ्या झाकायला. जुन्याचं एवढं वेड असलेल्या माणसाने जुन्यावरच करवत चालवावी, याला काय म्हणायचं!

१९१६च्या नाताळात डिअरिंग राहायला आले. पाहुणे बोटीने यायचे, म्हणून घराचं तोंड पाण्याकडे. समोर पाण्यात उभं आहे ते दगडी गलबत. ते कुठे जात नाही, लाटा अडवतं. त्यावरच्या मूर्ती अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डर यांच्या. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे चेहरे झिजले आहेत.

मालकाला हे सुख दहा वर्षंही लाभलं नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये अमेरिकेला परतताना बोटीवरच डिअरिंग वारले. पुढच्याच वर्षी चक्रीवादळाने घराला आणि बागांना झोडपून काढलं. भावाच्या मुलींनी काही वर्षं रेटलं, पण एवढा डोलारा सांभाळायचा म्हणजे खायचं काम नव्हे. जमीन तुकड्या-तुकड्याने गेली, आणि १९५२ साली हवेली डेड काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, दहा लाख डॉलरना घेतली. दुसऱ्या वर्षी संग्रहालय उघडलं.

मधला चौक मुळात उघडा होता, समुद्राचा वारा घरभर खेळावा म्हणून. तोच दमट वारा जुन्या सामानाला खाऊ लागला, तेव्हा १९८६ साली चौकावर काचेचं छत घातलं. २०१७ च्या इर्मा वादळात समुद्र वरून आलाच नाही. तो थेट तळघरात शिरला आणि तिथलं उपाहारगृह बुडवून गेला.