पाण्याचं वजन

(दृश्य: पहाट. विहिरीच्या काठावर दोर. एक बादली हेलकावत वर येते.)

दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. कोरडवाहू भागातल्या छोट्या शेतीचं सगळं गणित या बादलीपासून सुरू होतं.

दहा गुंठ्यांचा भाजीचा तुकडा धरा. कडक उन्हात पीक आणि माती मिळून दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी उडवतात. वाचायला किरकोळ, पण दहा गुंठ्यांवर ते होतं पाच हजार लिटर. म्हणजे रोज पाच टन वजन वर काढायचं, तेही पीक हाताशी येईपर्यंत.

(दृश्य: पायपंप. दोन फळ्यांवर आळीपाळीने पडणारी पावलं.)

हा पायपंप. 1980 च्या सुमारास उत्तर बांगलादेशात गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन अभियंत्याने तो घडवला. दोन नळकांडी, दोन दट्टे, बांबूच्या फळ्या. गावातल्या कारागिराला जमेल आणि दुरुस्तही करता येईल, असा. पुढे तो लाखोंनी विकला गेला. माणूस सलगपणे साधारण 75 वॉट ताकद लावू शकतो. त्यातली निम्मी वाया गेली, तरी सहा मीटरवरून ते पाच हजार लिटर दोन-सव्वादोन तासांत वर येतात. पाय भरून येतात, हेही खरं.

मात्र पाणी सात मीटरच्या खाली गेलं, की काठावरचा कुठलाही पंप हात टेकतो. कारण पंप पाणी ओढतच नाही. तो पाईपमधली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने ही मर्यादा दहा मीटरची. गळती, घर्षण, वाल्व धरून हातात उरतात सातेक. इथे जास्त हॉर्सपॉवरची मोटार आणून काही होत नाही. पंपच खाली सोडावा लागतो.

(दृश्य: बोअरमध्ये उतरणारा पाणबुडी पंप. शेजारी सौर पॅनल.)

सहा मीटरवरून उपसायला कागदावर शंभर वॉटचं एक पॅनल पुरतं. पाणी साठ मीटरवर असेल, तर तेवढ्याच पाण्याला दहापट ऊर्जा. बॅटरी शक्यतो नकोच. ऊन असेल तेव्हा टाकी भरायची आणि संध्याकाळी उताराने ठिबकला सोडायचं. टाकी म्हणजे स्वस्तातली बॅटरी, आणि ती जुनी होऊन निकामी होत नाही.

पाईपात काटकसर करू नये. त्याच प्रवाहाला निम्म्या व्यासाचा पाईप जोडला, की घर्षणातली तूट तीसेक पटींनी वाढते. वाचवलेले पैसे मग रोज डिझेलमधून जातात.

(दृश्य: दुपार. पंप चालू. टाकी भरून वाहते आहे. जवळ कुणी नाही.)

ही वाहती टाकी मला सगळ्यात जास्त खटकते. डिझेल संपत आलं की हात आपोआप आखडतो. उन्हाचं बिल येत नाही. शेजारच्या दहा जणांच्या टाक्या अशा वाहिल्या, की पाणी एकाच्या नव्हे, साऱ्यांच्याच विहिरीतून खाली जातं. टाकीत तरंगणारा स्विच बसवला, की भरल्यावर पंप आपोआप थांबतो. पॅनलच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे, तरी राहून जातो.

(दृश्य: विहिरीचा काठ. गाठी मारलेली दोरी खाली सोडली जाते.)

पंप विकत घेण्याआधी ही दोरी घ्यावी. मीटरमीटरवर गाठ, टोकाला दगड. भर उन्हाळ्यात, उपसा थांबल्यावर पाण्याला लागेपर्यंतच्या गाठी मोजायच्या. मग दोन तास उपसायचं आणि पुन्हा मोजायच्या. पाणी किती उतरलं आणि पूर्वीच्या गाठीवर यायला किती वेळ लागला, ते लिहून ठेवायचं.

(दृश्य: ओली दोरी. अंगठा सातव्या गाठीवर.)