हॉपरमधला खळखळाट

श्रोतेहो, नमस्कार.

पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या गोळा होतात, धुतल्या जातात, त्यांचे तुकडे होतात आणि ते वितळवून पुन्हा दाणे बनतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते मी सांगत बसत नाही. मला आज बोलायचंय दोन माणसांबद्दल. एक प्रयोगशाळेत बसतो, दुसरा मशीनपाशी उभा असतो. दोघांच्या हातात प्लास्टिक तेच, पण वर्षानुवर्षं दोघांची गाठच पडत नाही. मी स्वतः प्रयोगशाळेतली. त्यामुळे आज जे सांगणार आहे, त्यात चूक आमच्या बाजूचीही आहे.

एका कारखान्यातून आमच्याकडे बाटल्यांच्या तुकड्यांची पिशवी आली. या तुकड्यांना सगळे फ्लेक्स म्हणतात. तक्रार अशी, की रात्रपाळीत तार तुटते. एक्स्ट्रूडरमधून वितळलेलं प्लास्टिक शेवयांसारखं बाहेर येतं, पाण्यात गार होतं आणि पुढे त्याचे दाणे कापले जातात. ही तार तुटली की सगळं थांबतं. आम्ही काय केलं? फ्लेक्स रात्रभर निर्वात भट्टीत वाळवले, आमच्या छोट्या मशीनवर वितळवले, मापं घेतली. सगळं उत्तम! तसा रिपोर्ट पाठवला. महिन्याभरात दुसरी पिशवी आली. पुन्हा तेच, पुन्हा उत्तम. तिसऱ्या वेळी तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे माल चांगला असतो, आमच्याकडेच का बिघडतो?"

मग मी गेले. रात्रपाळीलाच गेले. वितळवण्याआधी फ्लेक्स वाळवणाऱ्या ड्रायरचं तापमान पाहिलं, 170 अंश, बरोबर. हवा कोरडी, फिल्टर साफ. काही सापडेना. पहाटे तीनच्या सुमाराला मशीनवरचे वयस्कर ऑपरेटर मला म्हणाले, "मॅडम, काटा बघू नका. वर माल पडतो त्याचा आवाज ऐका."

ड्रायरच्या हॉपरमध्ये, म्हणजे माल साठवून वाळवणाऱ्या उभ्या टाकीत, वरून थोड्या थोड्या वेळाने फ्लेक्स पडतात. हॉपर भरलेला असला की ते भसकन पडतात, आवाज दबका येतो. हॉपर उतरलेला असला की लांबून पडतात आणि खळखळ वाजतात. काका म्हणाले, "खळखळ वाजलं की दोन तासांनी तार तुटते. उलटं कधी झालं नाही." मी विचारलं, हे कुणाला सांगितलंत का? ते म्हणाले, "कुणी विचारलं नाही. आणि का होतं ते मला कुठे माहीत आहे?"

का होतं, ते मला माहीत होतं. पीईटी, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, हवेतली ओल ओढून घेतं. ओल तशीच राहून वितळवलं, तर पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्या तोडतात. तुटलेल्या साखळ्यांच्या प्लास्टिकची तार ताण कुठून सोसणार? म्हणून वितळवण्याआधी पाणी दहा लाख भागांत 50 भागांच्या खाली आणावं लागतं. कानाला सोपं करून सांगते: 20 किलो फ्लेक्समध्ये जेमतेम 1 ग्रॅम पाणी. त्याहून जास्त नको. त्यासाठी गरम कोरड्या हवेत चार ते सहा तास लागतात.

आम्ही तिथेच हिशेब मांडला. भरलेल्या हॉपरमधला माल मशीनला पाच तास पुरायचा. रात्री माणसं कमी, धुलाई आणि भरणा एकाच माणसाकडे. हॉपर उतरायचा आणि काका सांगत होते तो खळखळाट सुरू व्हायचा, तेव्हा आत दोन तासांचाच माल उरलेला असायचा. म्हणजे त्या आवाजासरशी पडलेला फ्लेक्स दोनच तास वाळून वितळायला जायचा. काट्यावर 170 अंशच दिसायचे, कारण काटा हवेचं तापमान दाखवतो, माल किती तास आत होता ते दाखवत नाही. पुन्हा सांगते: तापमान बरोबर होतं, वेळ कमी पडत होता. आणि आमच्या प्रयोगशाळेत? आम्ही तोच फ्लेक्स रात्रभर वाळवून रोगच पुसून टाकत होतो आणि मग तपासत होतो. तीनही रिपोर्ट खरे होते आणि एकाचाही काडीचा उपयोग नव्हता.

हॉपरच्या काचेवर लाल रेघ मारली. माल तिच्याखाली गेला की मशीनचा वेग कमी करायचा. तार तुटणं थांबलं.

काकांचे दोन तास आणि माझे दोन तास जुळले, तो क्षण मी विसरलेले नाही. त्यांना 'कधी' माहीत होतं, मला 'का' माहीत होतं. त्यांचं कुठल्या रजिस्टरात नव्हतं. माझं एका जाड प्रबंधात होतं, जो त्या कारखान्यात कुणीही उघडला नसता.

असंच अंतर बाटलीच्या बुडाशी असलेल्या, आत आकडा लिहिलेल्या बाणांच्या त्रिकोणातही आहे. त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ते आकडे आणले, प्लास्टिक कुठल्या जातीचं ते ओळखायला. लोक मात्र बाणांचा त्रिकोण पाहून समजतात, की ही वस्तू पुन्हा वापरात येणारच. 2013 मध्ये त्या बाणांच्या जागी भरीव त्रिकोण आणायचं ठरलं, पण बाण अजून सगळीकडे दिसतात. चिन्ह ठरवणाऱ्यांनी वर्गवारीच्या पट्ट्यापाशी एक दिवस उभं राहायला हवं होतं. बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत दुसऱ्याच प्लास्टिकचं रंगीत आवरण चढवणाऱ्यांनीही.

असो. 2019 मध्ये जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्के पुनर्वापरात गेला. याची कारणं अनेक आहेत. पण माहिती एकीकडे आणि माल दुसरीकडे, हे एक कारण मी डोळ्यांनी पाहिलंय.

उलटं घडलेलंही सांगते. पीईटी खाणारा जिवाणू जपानच्या संशोधकांनी 2016 मध्ये जगापुढे मांडला, तो साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या आवारातल्या नमुन्यांत सापडला होता. तो पातळ फिल्म संपवायला 30 अंशांवर सहा आठवडे घेत होता. पुढे 2020 मध्ये फ्रान्समधल्या तुलूजचे संशोधक आणि एक कंपनी यांनी मिळून वेगळं, सुधारलेलं एन्झाइम वापरलं आणि 10 तासांत 90 टक्के पीईटी मूळ घटकांत उतरवलं. त्यात एक युक्ती थेट कारखान्यातली होती: बाटल्यांचं प्लास्टिक आधी एक्स्ट्रूडरमधून काढून, बारीक दळून घेतलं. बाटलीतलं घट्ट, स्फटिकी पीईटी एन्झाइमला सहज फोडता येत नाही, पण वितळवून झटकन गार केलेलं फोडता येतं.

कारखान्यांचीही एक अडचण आहे. बिघडलेला लॉट कुणाला दाखवायचा नसतो. स्पर्धक काय म्हणतील, गिऱ्हाईक काय म्हणेल! मला ती भीती समजते. पण आम्हाला खरं शिकवतो तो बिघडलेलाच लॉट. नाव झाकून द्या, पण द्या.

त्या कारखान्यातून आता दर महिन्याला एक डबा येतो. आत तुटलेल्या तारांचे तुकडे, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि त्या वेळी हॉपर किती भरला होता ते. अक्षर काकांचं. आणि आमच्या नमुन्याच्या पिशवीवर एक ओळ जास्त छापलेली असते: 'हा माल किती तास वाळवला?' ती ओळ कोरी आली, तर आम्ही पिशवी उघडत नाही, आधी फोन करतो.

नमस्कार.