कोणत्या सालची गाणी चांगली?

अध्यक्षमहाराज आणि रसिकहो,

एका सालच्या लोकप्रिय गाण्यांची दुसऱ्या सालाशी तुलना कशी करावी, हा आजचा विषय. तिकडे येतोच, पण आधी एक गाऱ्हाणं ऐका.

गेल्या गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता. गाणारी मुलगी खानापूरकडची, आवाज खणखणीत. तिनं ‘सैराट’मधलं गाणं धरलं. मागची पोरं ठेक्यावर उठलीसुद्धा. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतल्या काकांनी हात वर केला. ‘‘हे बंद कर गं बाळ. सत्तावन्न सालचं काहीतरी म्हण. तसं साल परत होणे नाही!’’ कार्यकर्त्यांनी लगेच माइक बंद केला. पोरगी मान खाली घालून उतरली. मला त्याचा राग अजून आहे. गाणं आवडलं नाही तर नाही, पण गाणाऱ्याला असं अर्ध्यावर उठवतात होय?

मी काकांना गाठलं. सत्तावन्नचं म्हणजे कुठलं? म्हणाले, ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’. खरं आहे, तिन्ही १९५७चे. पण त्या वर्षीच्या बिनाका गीतमालेत, म्हणजे रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत, पहिला नंबर होता ‘जनम जनम के फेरे’मधल्या ‘जरा सामने तो आओ छलिये’चा. एस. एन. त्रिपाठींची चाल, लता आणि रफी. काकांना ते आठवलंच नाही. आणि ही गीतमाला लोक परदेशी रेडिओ सिलोनवर का ऐकायचे? तर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेमाची गाणी हलकी वाटत होती, आकाशवाणीवर त्यांना जागा नव्हती म्हणून! सिनेमाची गाणी लावणारी आकाशवाणीची विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ला. आज ज्या सालाला आपण हात जोडतो, त्याला त्या वेळच्या जाणत्यांनी नाकं मुरडली होती.

आपण सीमाभागातली माणसं तर दोन कानांची. रेडिओवर कन्नड धारवाडही ऐकलं, मराठी सांगलीही ऐकलं. २००६ कसं होतं म्हणून बेळगावच्या टिळकवाडीत विचारा. मराठी घरातला पोरगाही ‘मुंगारु मळे’ या कन्नड सिनेमातलं गाणं गुणगुणून दाखवेल. पुण्यात विचारलंत तर उत्तर वेगळं येईल. एकाच सालाला दोन गावांत दोन भाव!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. म्हणून मुद्दा झटपट सांगतो. जुनं साल आपल्याकडे येतं ते येळ्ळूरच्या निवडलेल्या बासमतीसारखं. नवं साल येतं खळ्यावरचं, न उफणलेलं. ही तुलना कशी चालेल? जुन्या सालचे सगळे चित्रपट काढा, पडलेलेसुद्धा. चिठ्ठ्या टाकून त्यातली दहा गाणी उचला. नव्या सालचीही तशीच दहा. ऐकवताना साल सांगू नका. चाल, शब्द, गळा, वादन, सगळ्यांना वेगळे गुण द्या, कारण एका सालात चाली उत्तम आणि शब्द सुमार असं होतं. आणि ऐकणारे सगळे एका वयाचे नकोत. आपण पंधरा-सोळा वर्षांचे असताना ऐकलेलं गाणं प्रत्येकाला थोरच वाटतं.

हे आपण याच सभागृहात करू. चिठ्ठ्या मी आणतो, गुण तुम्ही द्या. आणि गायला त्या खानापूरच्या मुलीला बोलवा, दोन्ही सालची गाणी पुरती म्हणू द्या तिला.