अनवाणी पाय आणि तिसरी पिन

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यातली डिझाइनची खोली. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट.)

या खोलीत टॉवेलच्या डिझाइन तयार होतात. कॉम्प्युटर तीन, प्लगचा बोर्ड एकच. इथल्या ताई कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावण्याआधी पायात चप्पल आहे ना, ते बघतात. अनवाणी असताना पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या येतात. दोनदा एसएमपीएस बदलून झाला. झिणझिण्या आहेत तिथंच.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पंखेवाला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज आधी त्याच्यात जाते, म्हणून काही बिघडलं की पहिला संशय त्याच्यावरच. आज त्याची बाजू नीट ऐकून घेऊ.

सुरुवात मीटरपासून. मल्टीमीटरला दोन वायरी असतात. एक टोक फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला लावलं आणि दुसरं नुसतं हवेत धरलं, तर दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. दुसरं टोक न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरीला लागलं की २३० दिसतात. ‘सोलापूर किती लांब?’ असं कुणी विचारलं तर आपण आधी ‘कुठून?’ म्हणतो. व्होल्टचंही तसंच. ते एका जागेचे कधीच नसतात, दोन जागांमधले असतात. एवढं पक्कं धरा, पुढे लागणार आहे.

(दृश्य: माळरानावरून गेलेले उंच मनोरे आणि तारा.)

३१ डिसेंबर २०१३. रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रीडशी जुळली. तेव्हापासून जवळजवळ सगळ्या देशाची वीज एकाच ठेक्यात चालते, सेकंदाला ५० आवर्तनं. ही गाठ सोलापूरच्या तारांनी बांधली, याचं मला फार अप्रूप आहे.

साडेसात लाखांहून जास्त व्होल्ट कशाला लागतात? तेवढीच वीज दहापट व्होल्टवर पाठवली, तर प्रवाह एक दशांश पुरतो. तार तापते ती प्रवाहामुळे, आणि प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे तारेत वाया जाणारी वीज एक शतांशावर येते. लांबचा पल्ला असला की व्होल्ट चढवायचे, मुक्काम जवळ आला की उतरवायचे. भिंतीतल्या २३० पासून पुढची उतरण आपल्या डब्यात होते.

(दृश्य: दुरुस्तीच्या टेबलावर उघडलेला एसएमपीएस.)

हा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, ३२५ व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो. भिंतीत २३०, मग हे ३२५ कुठले? २३० हा हिशेबाचा आकडा आहे. भिंतीतल्या विजेची (एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची) लाट प्रत्येक आवर्तनात ३२५ पर्यंत चढते आणि कपॅसिटर ते शिखर धरून ठेवतो.

डायोडांनी एका दिशेला लावलेली ही वीज एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. ठेका इतका जलद झाला की व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लहानसा पुरतो. ५० आवर्तनांवर तेच काम करायला जड लोखंड लागतं. जुना स्टॅबिलायझर उचलून बघा, म्हणजे कळेल. पलीकडच्या बाजूला पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, लाल वायरीवर ५, नारिंगीवर ३.३. कुठून मोजायचे? काळ्या वायरीपासून. १२ च्या जागी ११.४ ते १२.६ चालतात.

प्रोसेसरला मात्र जेमतेम एक व्होल्ट लागतो. ६५ वॅट त्या एका व्होल्टवर द्यायचे, तर प्रवाह ६५ अँपिअर. एवढा प्रवाह डब्यापासून वायरीतून आणला तर वायरीच तापतील. म्हणून १२ चा १ करणारी मंडळी, म्हणजे त्या छोट्या चौकोनी कॉइल आणि त्यांच्या शेजारचे ट्रान्झिस्टर, प्रोसेसरला खेटून बसवलेल्या असतात. रायचूरच्या तारांचाच हिशेब, चार बोटांच्या अंतरात.

आता टेबलावरचा डबा जवळून बघा. पंख्याच्या जाळीवर कापसाची रुई घोंगडीसारखी बसली आहे. नखानं ओढली तर अख्खा थर हातात येतो. हवा कोंडलेली, त्यात सोलापूरचा मे महिना. एका कपॅसिटरची टोपी फुगली आहे आणि कडेला तपकिरी डाग आहे. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. हा पहिला डबा खरंच गेला होता. दुसरा बिचारा विनाकारण बदलला.

कारण झिणझिण्या डब्याचा दोष नव्हत्याच. फेज आणि न्यूट्रल, दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो, विजेतला गोंगाट तिसऱ्या पिनेवाटे अर्थिंगकडे, म्हणजे जमिनीत, काढून द्यायला. ती वाट तुटली की पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो: २३० चे निम्मे, ११५ च्या आसपास. आणि अनवाणी पाय म्हणजे मीटरचं दुसरं टोक. एका कॉम्प्युटरचा प्रवाह मिलिअँपिअरच्या आतला असतो, पण इथं एका बोर्डावर तिघांचा मिळून बोटात येत होता.

(दृश्य: कारखान्याच्या मागची भिंत. अर्थिंगचा खड्डा.)

वायरमननं खड्डा उकरला तेव्हा नट-बोल्ट गंजून वायर सुटलेली निघाली. झिणझिण्यांचं कारण तेवढंच. पण काळी माती सुकून भेगाळली होती, ते जास्त वाईट. उद्या खरोखर फेज पत्र्याला चिकटली, तर अर्थिंगवाटे धो धो प्रवाह जाऊन फ्यूज उडायला हवा. कोरड्या मातीतून तेवढा प्रवाह जात नाही.

काही जण यावर सोपा उपाय करतात: बोर्डातच अर्थ न्यूट्रलला जोडून टाकतात. झिणझिण्या थांबतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. न्यूट्रल मागं कुठं तुटली, तर पुरे २३० व्होल्ट पत्र्यावर येऊन बसतील.

नवे नट-बोल्ट लागले. मीठ-कोळशाचे थर भरले. मग बादल्या. पहिल्या दोन बादल्या मातीनं बघता बघता पिऊन टाकल्या, तिसरी जरा रेंगाळली. आत मीटरचं एक टोक पत्र्याला, दुसरं ओल्या फरशीला. आकडा एका व्होल्टच्याही खाली.

ताईंनी चप्पल दाराशी काढली. कॅबिनेटवर आधी एक बोट टेकवलं, मग पुरा तळहात. खड्ड्याशेजारी आता एक बादली कायमची ठेवली आहे. उन्हाळ्यात दर सोमवारी माग सुरू व्हायच्या आधी ती खड्ड्यात रिकामी करायची, असं ठरलंय.