बॅकअप झाला, हे तुम्हाला कोण सांगतं?

मंडळी, एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सर्व्हरपासून सुरुवात करतो. तिथे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं. सभासद, पुस्तकं, देवघेव, सगळं मारियाडीबीच्या एका डेटाबेसमध्ये. रोजचा बॅकअप मीच लावून दिला होता. डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या माहितीची एक फाइल, काढायचा, जीझिपने दाबून लहान करायचा, फाइलच्या नावात तारीख घालायची आणि ती दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. टर्मिनलवर ती ओळ मी हाताने चालवली, फाइल उघडून पाहिली, तीच ओळ क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, टाकली आणि निघालो. चार महिन्यांनी मुख्य डिस्क गेली. दुसऱ्या डिस्कवर एकच फाइल होती, मी हाताने काढलेली. मधल्या चार महिन्यांची देवघेव ग्रंथपाल बाईंनी वहीवरून पुन्हा भरली. ते काम बघताना मला फार वाईट वाटलं.

नव्या सर्व्हरवर तीच ओळ लावली तेव्हा कारण सापडलं. फाइलच्या नावात तारीख घालायला मी टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं. क्रॉनटॅबमध्ये टक्का दिसला की क्रॉन तिथेच आज्ञा तोडतो आणि पुढचा भाग तिला इनपुट म्हणून देतो. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ हवी. त्यापेक्षा सगळ्या आज्ञा एका वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहा आणि क्रॉनला फक्त त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. पूर्ण पत्ता यासाठी, की तुम्ही लॉगिन केल्यावर जे पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या जागा, मिळतात ते क्रॉनला मिळत नाहीत.

वेळ लावणं सोपं आहे. पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, असेल तर तुमचे रात्रीचे दोन म्हणजे इथे सकाळचे साडेसात, ऐन कामाची सुरुवात. आणि दुरुस्तीसाठी वीज बंद असताना ती वेळ टळली, तर क्रॉन ती पाळी सोडून देतो. लिनक्सवरच्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवलं, तर चुकलेली पाळी मशीन सुरू झाल्यावर होते. वीज भरवशाची नसेल तिथे मी टायमरच लावतो.

आता आणखी एक सापळा. डम्प पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट थेट दुसरीला देऊन, जीझिपकडे गेला की शेलला (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल दिसतो. पासवर्ड बदलला, डम्प पहिल्याच ओळीला पडला, तरी जीझिपने रिकामं इनपुट नीट दाबलेलं असतं. म्हणून काम यशस्वी! फाइल तयार होते, आजच्या तारखेची, वीस बाइटची. बॅश शेलमध्ये ‘पाइपफेल’ लावा, म्हणजे आधीची आज्ञा पडली तरी अपयश दिसेल, आणि फाइलचा आकार कालच्याशी ताडून पाहा. आकार एकदम घसरला तर कळवायला सांगा.

कळवायचं कुणाला आणि कसं, इथेच मोठमोठे अडखळले आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेच्या एका अभियंत्याने, रात्री उशिरा, चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचे डम्प शोधले, तर ते होतच नव्हते: डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि डम्पचं साधन जुनं, ९.२ चं, म्हणून ते पडत होतं. अपयशाचे ईमेल निघत होते, पण त्यांच्यासाठी डीमार्क (ईमेल खरंच त्याच पाठवणाऱ्याचा आहे का ते तपासायची पद्धत) चालू नसल्याने ते नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीवर, सगळं निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

म्हणून अपयशाची बातमी सर्व्हरकडून मागू नका. मेलेला सर्व्हर बातमी देत नाही. उलट करा: बॅकअप पूर्ण झाला की स्क्रिप्टने दुसऱ्या मशीनवर हजेरी लावायची आणि सकाळी सहापर्यंत हजेरी दिसली नाही तर त्या मशीनने तुमच्या फोनवर निरोप पाठवायचा.

प्रत कुठे ठेवायची, हे थोडक्यात सांगतो. एक जवळ, एक दुसऱ्या इमारतीत. दुसऱ्या प्रतीसाठी बॅकअपच्या मशीनने सर्व्हरकडून फाइल ओढून घ्यावी. सर्व्हरला त्या मशीनची किल्ली देऊ नका. नाहीतर सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस प्रतीही पुसून जाईल.

त्या ग्रंथालयात आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ताजी फाइल एका रिकाम्या मशीनवर चढवतो. ग्रंथपाल बाई शेजारी बसतात आणि आदल्या दिवशी कुणी कोणतं पुस्तक नेलं ते त्या मशीनवर शोधतात. सापडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक करतात. गेल्या महिन्यात सापडलं नाही. घड्याळ चुकल्याने रात्रीऐवजी दुपारचा डम्प निघत होता. तो दोष आम्ही त्याच दुपारी काढला आणि टिक पुढच्या शनिवारी केली.