तिची दुसरी सर्व्हिस बघा
(वेंगुर्ल्यातल्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘विम्बल्डनची महिला विजेती आधी ओळखता येते का?’ येते, असं माझं ठाम म्हणणं आहे. दर वेळी नाही, पण लोक समजतात त्याहून पुष्कळदा. दर जुलैत नाक्यावर एक वाक्य ऐकू येतं, “बायकांच्या टेनिसात काय, कोणीही जिंकतं!” त्या वाक्याचा मला राग येतो, म्हणून आज बोलायला उभी राहिले. कोणीही जिंकत नाही. जिंकणारी का जिंकली, हे बघायचे कष्ट आपण घेत नाही.

१९९३चा जुलै आठवा. विम्बल्डनचा महिलांचा अंतिम सामना, स्टेफी ग्राफ आणि याना नोवोत्ना. आमच्या आळीत रंगीत टीव्ही एकाच घरी, त्यामुळे ओटीपासून पायरीपर्यंत माणसं. पाऊस असा, की पागोळ्यांपुढे समालोचन ऐकू येईना. पहिला सेट टायब्रेकवर ग्राफनं घेतला, दुसरा नोवोत्नानं ६-१. तिसऱ्यात नोवोत्ना ४-१ पुढे, सर्व्हिस तिचीच, ४०-३०. एक गुण मिळाला की ५-१! शेजारच्या काकी उभ्याच राहिल्या, “जिकला चेडू आता!” (चेडू म्हणजे पोरगी.) आणि नोवोत्नाचा डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या आणि गुण गेला. तो गेम संपायच्या आत वीज गेली. जुलैत ती जाते तशी, म्हणजे सकाळपर्यंत.

कंदिलाच्या उजेडात चहा झाला, वाद झाला. सगळी आळी नोवोत्नाच्या बाजूची. माझे वडील तेवढे म्हणाले, “ग्राफ.” ते टेनिस कधी खेळले नव्हते, पण बॅडमिंटनच्या कोर्टावर त्यांचं तारुण्य गेलं होतं. का विचारलं, तर म्हणाले, “आघाडीवर असून जिचा हात आखडतो, तिला आघाडी जड होते.” रविवारी दुपारी एस.टी.नं मुंबईचा पेपर आला. ग्राफ ७-६, १-६, ६-४. शेवटचे पाच गेम सलग. मधल्या एका सर्व्हिस गेममध्ये नोवोत्नानं तीन डबल फॉल्ट केले होते.

बक्षीस समारंभात नोवोत्ना ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडली. तो फोटो सगळ्या जगाला पाठ आहे, ते तीन डबल फॉल्ट कोणाला आठवत नाहीत. ही माझी खरी तक्रार. पुरुष हरला की आपण त्याचा बॅकहँड तपासतो, बाई हरली की तिचे अश्रू मोजतो. हीच नोवोत्ना १९९८ साली नाताली तोझियाला सरळ सेटमध्ये हरवून विजेती झाली, हेही सांगायलाच हवं. २०१७ मध्ये ती गेली, पन्नाशीही न गाठता. फार चटका लागला.

मग जिंकणारी ओळखायची कशावरून? दुसऱ्या सर्व्हिसवरून. प्रत्येक गुणाला सर्व्हिसच्या दोन संधी असतात. पहिली सर्व्हिस खेळाडू मोकळ्या हातानं मारते, कारण मागे दुसरी शिल्लक असते. दुसरी चुकली की गुण गेला. मनावर दडपण आलं की चेंडू वर टाकणारा हात आधी बिघडतो. ती सर्व्हिस नुसती जपून आत टाकली, तर समोरची पुढे सरसावून ठोकते. मनात काय चाललंय ते तिथे उघडं पडतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कुडाळची गाडीही गाठायची आहे काहींना. तर मुख्य मुद्दे भराभर सांगते.

क्रमवारीवर विसंबू नका. २०२३ ची विजेती व्होंद्रोउशोवा बिगरमानांकित, म्हणजे स्पर्धेच्या मानांकन यादीत नसलेली, क्रमवारीत ४२वी. पण २०१९ ला ती फ्रेंच ओपनचा अंतिम सामना खेळून आलेली होती. अंतिम सामन्यात समोरच्या जाबेरच्या डोक्यावर मागच्याच वर्षी गमावलेल्या दोन अंतिम सामन्यांचं ओझं होतं. आधीचा मोठा विजयही फसवतो. २०२५ मध्ये अनिसिमोवानं उपांत्य फेरीत अव्वल सबालेंकाला हरवलं आणि अंतिम सामन्यात श्वियाँतेककडून ६-०, ६-० असा मार खाल्ला, ५७ मिनिटांत. श्वियाँतेक विम्बल्डनला त्याआधी उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेली नव्हती, पण ग्रँड स्लॅमचे, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांचे, पाच अंतिम सामने खेळून पाचही जिंकलेली होती. अनिसिमोवाचा तो पहिलाच.

दोघीही नवख्या असल्या तर? २०२१ ची यूएस ओपन घ्या, राडुकानू आणि फर्नांडिस. अशा वेळी इथवरची वाट बघायची. राडुकानू पात्रता फेरीपासून एकही सेट न गमावता आली होती, फर्नांडिसचे सामने तिसऱ्या सेटपर्यंत ताणले गेले होते. राडुकानूनं अंतिम सामनाही सरळ सेटमध्ये जिंकला. आणि महिलांचे सामने तीन सेटचे, हे विसरू नका. पहिला सेट घसरला की सावरायला वेळ थोडा. म्हणून पहिल्या चार गेममधल्या दुसऱ्या सर्व्हिस फार बोलतात.

गुरुवारी विम्बल्डनचे उपांत्य सामने आहेत. ३०-४० असताना, म्हणजे आणखी एक गुण गेला की गेम गेला अशा वेळी, कोणाची दुसरी सर्व्हिस कुठे पडते, तेवढं वहीत टिपा. शुक्रवारी संध्याकाळी इथेच जमू आणि प्रत्येकानं आपला अंदाज सही करून ग्रंथपालांकडे द्यायचा. प्रश्न असतील तर विचारा, गाडीवाल्यांनी आधी.