नोटिशीच्या आधीचा वाद

समोर भोसरी, चाकण, पिरंगुटहून आलेली बरीच मंडळी दिसतायत, म्हणून सुरुवात कारखान्यातूनच करते. तुम्ही एका व्हेंडरकडून कास्टिंग घेतलंत. मशीनवर चढवल्यावर निम्म्यांत ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेली हवेची छिद्रं, निघाले. तुम्ही फोन केलात, चिडून बोललात, पेमेंट थांबवलंत. दीड वर्षाने टपालाने कागद येतो: नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६, कलम ८ खालची मागणी नोटीस, म्हणजे कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधीची पायरी. दहा दिवसांत पैसे भरा, नाहीतर या रकमेबद्दल वाद आहे हे कळवा.

वाद तर आहेच, तुम्ही म्हणाल. पण तो आहे कुठे? फोनवर. आणि इथे उपयोगी पडतो तो नोटिशीच्या आधीचा, दाखवता येईल असा वाद.

माझ्याकडे एक कारखानदार नेमके असेच आले होते. माल खरोखर खराब होता. रिजेक्ट झालेले पीस शेडच्या कोपऱ्यात मी स्वतः पाहिले. पण डेबिट नोट, म्हणजे खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद, काढली होती ती नोटीस हातात पडल्यानंतर. मेल एकही नाही. उलट त्यांच्याच अकाउंट्सच्या मुलाने मार्चअखेरीला लेजर कन्फर्मेशनवर सही-शिक्का करून पाठवला होता, म्हणजे बाकी मान्य! पुण्याच्या कंपन्यांची ही प्रकरणं मुंबईच्या कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. तिथे उभं राहण्याआधीच त्यांनी सगळी रक्कम भरून मिटवलं. त्याची हळहळ मला आजही वाटते, कारण न्याय त्यांच्या बाजूला होता आणि कागद समोरच्याच्या.

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०१७ ला दिला, मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा. ‘नच बलिये’साठी प्रेक्षकांची मतं गोळा करायचं काम मोबिलॉक्सने किरुसाला दिलं होतं. ते काम आपण केल्याचं किरुसाने स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं. हा गोपनीयतेच्या कराराचा भंग आहे, असं म्हणून मोबिलॉक्सने जानेवारी २०१५ मध्ये मेल करून पैसे रोखले. येणं होतं साधारण २० लाखांचं. मागणी नोटीस आली डिसेंबर २०१६ मध्ये. आता तारखा बघा: मेल आधी, नोटीस नंतर, मध्ये जवळजवळ दोन वर्षं. त्या एका मेलवर मोबिलॉक्स सुटली.

न्यायालयाने कसोटी घालून दिली ती अशी. कोण खरं आणि कोण खोटं, हे न्यायाधिकरणाने ठरवायचं नाही. हरकतीत तपासून पाहण्याजोगं काही आहे की नुसताच कांगावा आहे, एवढंच पाहायचं. बचाव शेवटी टिकेल की नाही हाही प्रश्न नाही. आणि त्यासाठी आधी दावा किंवा लवाद सुरू झालेलाच असला पाहिजे असंही नाही. मालाच्या दर्जाबद्दलचा जुना पत्रव्यवहार पुरतो. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार जातात, कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या हंगामी व्यावसायिकाच्या हाती जातो. एका बिलाच्या भांडणापायी दोनशे कामगारांची कंपनी त्या वाटेला लागू नये. हा विचार नवा नाही. वाद प्रामाणिक असेल तर वसुलीसाठी वाइंडिंग-अपची, म्हणजे कंपनी गुंडाळायला लावण्याची, धमकी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कंपनी कायद्याखालीही सांगितलं होतं.

बँकेच्या बाबतीत मात्र ही ढाल नाही. बँक संहितेच्या कलम ७ खाली अर्ज करते, आणि तिथे कर्ज आहे आणि हप्ता थकला आहे एवढंच मुख्यतः पाहतात. हे ठरलं ते आपल्याच पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात, मोबिलॉक्सच्या तीन आठवडे आधी. कंपनीने महाराष्ट्राच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्याचा, म्हणजे अडचणीतल्या उद्योगांना देण्यांपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या कायद्याचा, आधार घेतला होता. केंद्राची संहिता वरचढ ठरली.

आता ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्यासाठी. २४ मार्च २०२० पासून दिवाळखोरीच्या अर्जासाठी लागणाऱ्या किमान थकबाकीची मर्यादा १ लाखावरून १ कोटीवर गेली. तुमच्यापैकी बहुतेकांची बिलं त्याखालीच असतील. मग एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्याची वाट धरा: ४५ दिवसांत पेमेंट, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला त्याच कायद्याखालची फॅसिलिटेशन कौन्सिल. थकबाकी कोटीच्या वर असली तरी घाई करू नका. येणं तीन वर्षांच्या मुदतीत आहे ना, आधी ते बघा. माल नाकारल्याच्या ज्या मेल्स तुम्हाला आल्या, त्यांना उत्तरं दिली होती का, तेही बघा. समोरच्या वकिलाने त्याच मेल्स पुढे केल्या की अर्ज तिथेच संपतो. आणि केवळ छळण्यासाठी अर्ज केल्याचं दिसलं तर कलम ६५ खाली १ लाखापासून १ कोटीपर्यंत दंड आहे.

अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे आले, असंही समजू नका. अर्ज मंजूर झाल्यावर निर्णय घेणाऱ्या धनकोंच्या, म्हणजे येणं असलेल्यांच्या, समितीत मत असतं ते मुख्यतः बँका आणि वित्तसंस्थांना. माल पुरवणाऱ्याला सहसा नाही. बोलणी होऊन तुम्हाला अर्ज मागे घ्यावासा वाटला, तर समिती स्थापन झाल्यावर ९० टक्के मतं लागतात. ती मतं बँकांकडे असतात.